ध्वनीची पारख : मिरजेचा तंबोरा आणि खिशातला प्लेअर

रूपांतरकातील घड्याळाची थरथर, म्हणजे ध्वनीचे अंकरूप नमुने ज्या ठोक्यावर वाचले जातात त्या ठोक्यातील सूक्ष्म अनियमितता, हा या हप्त्याचा ठरलेला विषय होता. तो पुढील आठवड्यावर टाकावा लागत आहे, कारण औंधच्या एका वाचकाच्या पत्राने त्याआधी सुटायला हवा असा प्रश्न समोर आणला आहे. या वाचकाकडे औंधच्या संगीत महोत्सवातील जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणे आहेत. ती मोबाईलवर आणि एका जुन्या आयपॉडवर ऐकली जातात. अंकरूप ध्वनीचे विद्युत्-संकेतात रूपांतर करणारा स्वतंत्र रूपांतरक, ज्याला शौकीन मंडळी डॅक म्हणतात, तो घेतला तर तंबोरा मंडपात ऐकू यायचा तसा ऐकू येईल काय, असे पत्रात विचारले आहे. त्याच पत्रात दुसरीही शंका आहे : मोबाईलवर ऐकताना षड्ज किंचित उतरलेला भासतो, तो यंत्रामुळे की कानामुळे?

दुसऱ्या शंकेपासून आरंभ करणे सोयीचे, कारण तिचे उत्तर आकड्यांत देता येते आणि ते देताना याच मुलखातील एका जुन्या वादाची आठवण अपरिहार्य ठरते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींच्या मोजमापाने झपाटलेले होते; त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांचे स्वर प्रमाण मानून त्यांनी तारेच्या लांबीवरून श्रुतींची गुणोत्तरे निश्चित करण्याचा प्रयत्न केला, अर्नेस्ट क्लेमंट्स या मुलकी अधिकाऱ्याने त्या कामाला साथ दिली, त्यातून श्रुती-हार्मोनियम घडला आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावरून मोठा वाद झाला. देवलांचे सर्व निष्कर्ष आज मान्य होणार नाहीत; परंतु गवयाला मोजपट्टीजवळ बसवून कान आणि माप एकमेकांसमोर उभे करण्याची त्यांची पद्धत आजच्या पुष्कळ ध्वनियंत्र-समीक्षांपेक्षा अधिक प्रामाणिक होती, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

सप्तकाचे १२०० समान भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. ८१ : ८० या गुणोत्तराची जी प्रमाण श्रुती, तिचे अंतर सुमारे साडेएकवीस सेंट भरते. प्लेअर स्वस्त असो वा महाग, त्याची गती क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते, आणि त्या स्फटिकाची चूक दहा लाखांत ५० भाग इतकी मोठी धरली तरी स्वर ०.०९ सेंटपेक्षा कमी हलतो, म्हणजे प्रमाण श्रुतीच्या जवळजवळ अडीचशेव्या हिश्श्याइतका. तो कोणत्याही कानाला कळणे शक्य नाही. याउलट कॅसेटचा डेक एक टक्का मंद चालला तर स्वर सतरा सेंट उतरतो, आणि ज्या तबकडीचे मुद्रण मिनिटाला ७६ फेऱ्यांच्या गतीने झाले ती ७८ फेऱ्यांनी वाजवली तर स्वर ४५ सेंट चढतो, म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर. जुन्या तबकड्यांवरून गायकांच्या पट्ट्या ठरवणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा. औंधच्या वाचकाच्या कॅसेटी उतरवताना डेक मंद असल्यास षड्ज त्याच वेळी उतरलेला आहे. कोणताही रूपांतरक तो वर चढवणार नाही. मात्र संगणकावर गती सुधारून तो ठिकाणावर आणता येतो. समाधानाची गोष्ट एवढीच की गती स्थिरपणे चुकली असेल तर सर्व स्वर एकाच प्रमाणात सरकतात, त्यांची परस्परांतील अंतरे बिघडत नाहीत आणि रागाची श्रुती शाबूत राहते.

आता मुख्य प्रश्न. औंध हे गाव या प्रश्नाला फार योग्य आहे. अंतुबुवा जोशी यांच्या घराण्याने १९४० पासून शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ चालवलेला हा उत्सव, त्यात गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांच्यासारखा गळ्याने आणि व्हायोलिनने सारख्याच अधिकाराने गाणारा कलावंत, आणि जवळच मिरज, जिथे एकोणिसाव्या शतकात शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांतून फरीदसाहेबांसारखे तंतुवाद्यांचे कारागीर निघाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ध्वनियंत्रांची पारख करण्यासाठी परदेशी समीक्षक ठराविक जाझ आणि ऑर्केस्ट्राची मुद्रणे वापरतात. मराठी श्रोत्याला त्यांची गरज नाही, कारण जवारी नीट लावलेला तंबोरा हे त्यांच्याहून कठोर परीक्षासाधन आहे.

त्याचे कारण घोडीत आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित बाकदार असते, तार तिच्या पृष्ठाला लागत-सुटत कंप पावते, आणि घोडी व तार यांच्यामध्ये सरकवलेल्या सुताने हा स्पर्श नेमका जुळवला की जवारी खुलते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या एका छोट्या निबंधात दाखवले की, तार ज्या बिंदूवर छेडली तेथे ज्यांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर नियमाप्रमाणे मुळीच उमटू नयेत, पण तंबोऱ्यात ते जोरकसपणे उमटतात, कारण घोडीवरील स्पर्श ऊर्जा सतत वरच्या उपस्वरांकडे ढकलत राहतो. त्यामुळे खर्जाची तार सत्तर हर्ट्झच्या आसपास कंप पावत असली तरी तिच्या नादाचा मोठा ऐवज एक ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि कानाची संवेदना नेमकी याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असते. शिवाय पंचम, दोन जोड आणि खर्ज हे आवर्तन काही सेकंदांनी पुन्हा येते. नादाच्या बारकाव्यांची श्रवणस्मृती फार अल्पजीवी असल्याने दोन यंत्रांची तुलना करणाऱ्याला याहून सोयीचा मजकूर मिळणार नाही.

या कसोटीवर सर्वांत आधी उघडे पडते ते यंत्र आणि श्रवणसाधन यांचे नाते. खिशातल्या प्लेअरमध्ये रूपांतरक आणि इअरफोन चालवणारा छोटा प्रवर्धक हे दोन्ही असतात, आणि त्या प्रवर्धकाचा स्वतःचा एक अंतर्गत रोध असतो, ज्याला निर्गम प्रतिबाधा म्हणतात. कानात घालण्याच्या पुष्कळ इअरफोनांचा रोध कंपनसंख्येनुसार बदलतो. तो एका ठिकाणी १६ ओहम आणि दुसऱ्या ठिकाणी ६४ ओहम असेल आणि यंत्राचा अंतर्गत रोध १० ओहम असेल, तर या दोन ठिकाणच्या ध्वनिपातळीत सुमारे ३ डेसिबलचा फरक पडतो, आणि अंतर्गत रोध १ ओहमवर आणला की तोच फरक ०.४ डेसिबलवर येतो. तीन डेसिबलची तफावत तंबोऱ्याच्या उपस्वरांच्या पट्ट्यात पडली की खुली जवारी बंद भासते, किंवा मुळात बंद असलेली जवारी कृत्रिमपणे चमकू लागते, आणि श्रोता समजतो की रूपांतरकाने किमया केली. वस्तुतः रूपांतरकाचा येथे काहीही संबंध नसतो. बाजारात डॅकच्या नावाने मिळणाऱ्या स्तुतीपैकी बराच भाग या एका कारणाचा आहे.

उरलेल्या भागापैकी बहुतेक आवाजाच्या पातळीचा आहे, आणि या मुद्द्यावर प्रस्तुत लेखमाला कितीही वेळा परतली तरी ते अधिक होणार नाही. मोबाईलची साडेतीन मिलिमीटरची खाच किंवा तिच्या जागी आलेले छोटे जोडयंत्र साधारण एक व्होल्ट देते, घरगुती स्वतंत्र रूपांतरक प्रवर्धकाकडे साधारण दोन व्होल्ट पाठवतो, आणि दुप्पट व्होल्ट म्हणजे ६ डेसिबल. फरक अर्ध्या डेसिबलचा असला तरी कान त्याला ‘मोठा आवाज’ म्हणून ओळखत नाही, तर ‘स्वच्छ’, ‘जिवंत’, ‘खोल’ असे म्हणतो. शिवाय पातळी उतरली की खर्जाची जाणीव मध्य स्वरांपेक्षा अधिक वेगाने कमी होते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले आहे. म्हणून तुलना करण्यापूर्वी २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यानचा एकच शुद्ध स्वर दोन्ही यंत्रांवर वाजवावा, हेडफोन जोडलेला असतानाच त्याच्या टोकांवरचा प्रत्यावर्ती व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजावा आणि जास्त भरणारे यंत्र एक टक्क्याच्या आत खाली आणावे. एक टक्का म्हणजे सुमारे ०.१ डेसिबल. वरच्या कंपनसंख्यांवर स्वस्त मल्टिमीटर फसवतात, म्हणून स्वर मुद्दाम खालचा घ्यायचा. त्यानंतर घरातील दुसऱ्या कोणी नाणे उडवून यंत्र निवडावे, ऐकणाऱ्याला ते दिसू नये, आणि उत्तर कागदावर लिहावे. सोळा वेळांपैकी बारा किंवा अधिक वेळा यंत्र बरोबर ओळखले, तर ते नुसत्या योगायोगाने घडण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. नऊ-दहाच बरोबर आले तर दोन्ही यंत्रे एकसारखी आहेत असे सिद्ध होत नाही, पण त्यातील फरकासाठी पैसे मोजण्याचे कारण मात्र उरत नाही.

अशा रीतीने पातळी जुळवून केलेल्या परीक्षांचे निकाल रूपांतरकांच्या व्यापाराला फारसे अनुकूल नाहीत. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उच्च दर्जाचे मुद्रण थेट आणि सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या गाळणीतून असे दोन्ही प्रकारे ऐकवले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे नाणेफेकीइतकेच. १९८२ साली सोनीच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये एकच रूपांतरक आलटून पालटून डाव्या-उजव्या बाजूंना पुरवला जाई आणि दोन बाजूंमध्ये सेकंदाच्या एक कोटी भागांपैकी सुमारे ११३ भागांचे अंतर पडे. आज बोटभर वायरीच्या जोडयंत्रातील चिप त्याहून कितीतरी शुद्ध काम करते. आणि अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्यांवर पृष्ठभागाची खरखर मूळ आवाजाच्या फार तर ४० डेसिबल खाली असते, कॅसेटवर फीत सळसळते; उणे ९० डेसिबलच्या खाली रूपांतरक काय करतो याला त्या ढिगाखाली वाव नाही.

तरीही तंबोऱ्याच्या कसोटीला एक मर्यादा आहे आणि ती लपवणे योग्य होणार नाही. यंत्रात विकृती असेल, म्हणजे दोन स्वरांच्या मिश्रणातून त्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नवे स्वर निर्माण होत असतील, तर शुद्ध गुणोत्तरांत मिळवलेल्या तंबोऱ्यात हे उपरे स्वर बहुतांशी आधीच असलेल्या उपस्वरांवर जाऊन बसतात आणि त्यांच्याआड झाकले जातात. म्हणूनच गजाननबुवांचे व्हायोलिन ऐकायचे. तंबोरा स्थिर असताना व्हायोलिनची मींड गंधारापासून पंचमाकडे सरकते, तेव्हा हे उपरे स्वरही सरकतात, मींड चढत असताना काही उलट्या दिशेने उतरतात, आणि झाकायला जागा न मिळाल्याने किरकिरेपणाच्या रूपाने कानावर येतात. रूपांतरकाची खरी परीक्षा घ्यायची तर मींडेच्या अशा दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा पुरेसा असतो.

स्वतंत्र यंत्राचा उपयोग जेथे निर्विवाद आहे ती ठिकाणे मोजकी आहेत. ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनला एक मिलिवॅट पुरवण्यासाठी अर्ध्या व्होल्टहून अधिक लागते, आणि महोत्सवाचे मुद्रण खालच्या पातळीवर झालेले असल्यास मोबाईलची ताकद अपुरी पडते. तेथे चांगल्या प्रवर्धकासह येणारा डॅक जरूर घ्यावा. मोबाईलमधून रेडिओलहरींची टकटक ऐकू येत असेल, किंवा घरच्या मोठ्या प्रवर्धकाला जोडायचे असेल, तरही तो घ्यावा. साध्या १६ किंवा ३२ ओहमच्या इअरफोनवर ऐकणाऱ्याने, प्लेअरचा अंतर्गत रोध इअरफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी आहे एवढे पाहावे आणि उरलेले पैसे अधिक चांगल्या इअरफोनवर खर्च करावेत.

औंधच्या वाचकाने मात्र त्याआधी कॅसेटी पुन्हा उतरवून घ्याव्यात : डेकच्या वाचनशीर्षाचा कोन प्रत्येक कॅसेटसाठी जुळवून, तंबोऱ्याचे वरचे उपस्वर सर्वाधिक स्पष्ट ऐकू येतील त्या बिंदूवर स्क्रू थांबवून, आणि गती तपासून. चुकलेल्या कोनामुळे हरवलेले उपस्वर फितीवर अजून असतात, उतरवलेल्या फाइलमध्ये नसतात. कोन जुळवण्याची रीत घड्याळाच्या थरथरीनंतरच्या हप्त्यात सविस्तर येईल. तोवर फितींची पेटी कोरड्या जागी आणि लाउडस्पीकरच्या चुंबकापासून दूर असावी.