पाहुण्याचा प्रश्न, यजमानाचं उत्तर

व्हर्च्युअल मशीनमध्ये लिनक्स सुरू झाली की ती आधी प्रोसेसरची चौकशी करते: तू कोण, तुला काय काय येतं? त्यासाठी सीपीयूआयडी नावाची इन्स्ट्रक्शन आहे. १९९३च्या पेन्टियमबरोबर ती रूढ झाली. गंमत अशी की व्हर्च्युअल मशीनसाठी इंटेलनं प्रोसेसरमध्येच दिलेल्या व्हीटी-एक्स या सोयीत पाहुण्या सिस्टिमनं हा प्रश्न विचारला, की दर वेळी, न चुकता, सूत्रं व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या हायपरवायझरकडे जातात. लिनक्समधला हायपरवायझर केव्हीएम मग क्यूईएमयू या मशीन उभं करणाऱ्या प्रोग्रॅमनं आधीच हातात दिलेला तक्ता उघडतो आणि त्यातून वाचून दाखवतो. पाहुण्याला वाटतं, प्रोसेसरच बोलला!

बारा अक्षरी नावं

या इन्स्ट्रक्शनमधून कंपनीचं नाव तीन रजिस्टरांतून येतं, प्रत्येकात चार अक्षरं. त्यामुळे रोमन लिपीत बरोबर बारा. 'जेन्युइनइंटेल' बसतं, 'ऑथेंटिकएएमडी'ही बसतं. एएमडीच्या के-५ प्रोसेसरच्या सुरुवातीच्या नमुन्यांत चक्क 'एएमडीइजबेटर!' असं लिहिलेलं होतं. उद्गारचिन्ह धरून बारा. सायरिक्सनं 'सायरिक्सइन्स्टेड' लिहून इंटेलला कोपरखळी मारली. हायपरवायझरांनाही अशीच सही करावी लागते. व्हीएमवेअर आपलं नाव दोनदा लिहितं. केव्हीएम तीनदा लिहितं, तरी नऊच अक्षरं होतात, म्हणून पुढे तीन शून्यं.

दोन पूर्णांक किती?

क्यूईएमयूच्या नेहमीच्या मॉडेलवर पाहुण्याला प्रोसेसरचं नाव दिसतं 'क्यूईएमयू व्हर्च्युअल सीपीयू व्हर्जन २.५+'. क्यूईएमयू केव्हाच पुढे गेलं, पण पाटी तीच. दर आवृत्तीला प्रोसेसरचं नाव पालटलं तर आतल्या सिस्टिमला वाटेल, मदरबोर्डावरचा चिपच बदलला. त्यापेक्षा जुनी पाटी बरी.

मागितलं ते मिळालं का?

आता बाहेरून बघू. मशीन सांभाळणाऱ्याला विचारायचंय, 'या व्हर्च्युअल प्रोसेसरला कोणती फीचर्स आहेत?' सरळ प्रश्न वाटतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेत: होस्टला, म्हणजे खालच्या खऱ्या मशीनला, काय येतं, आपण काय मागितलं, आणि मशीनच्या पदरात खरोखर काय पडलं. मागितलेलं फीचर होस्टकडे नसेल तर क्यूईएमयू एक इशारा छापतं आणि ते फीचर गाळतं. 'एन्फोर्स' लिहिलं असेल तरच हट्टाला पेटून मशीन सुरूच करत नाही. म्हणून ही माहिती देणारी कमांड आखताना हे तिन्ही वेगळे ठेवावे लागतात. क्यूईएमयूमध्ये प्रोसेसर-ऑब्जेक्टवर 'फीचर-वर्ड्स' अशी एक नोंद असते आणि गाळलेल्यांची 'फिल्टर्ड-फीचर्स' अशी दुसरी. मात्र तिथं पोचायचा पत्ता बघा: मशीन, मग 'अनअटॅच्ड', मग डिव्हाइस शून्य. म्हणजे अख्ख्या मशीनचा मेंदू 'बेवारस' खोलीत! असला पत्ता पाठ करून कोण प्रोग्रॅम लिहील? लिहितात, आणि मग पत्ता बदलला की रडतात. माझ्या मते, सुटसुटीत नावाची कमांड हवी ती याचसाठी.

आधी नमस्कार

अशा कमांडा द्यायला क्यूईएमयूच्या जेसनवाल्या दारात, म्हणजे क्यूएमपीत, गेलात की ते आधी आपली आवृत्ती सांगतं. तुम्ही 'क्यूएमपी_केपॅबिलिटीज' म्हणेपर्यंत दुसरं काहीही विचारा, 'अशी कमांड नाही' असंच उत्तर येतं. माणसांसाठी साधा मॉनिटर वेगळा आहे. त्याच्या छापील मजकुरावर प्रोग्रॅम विसंबला की पुढच्या आवृत्तीत फसलाच म्हणून समजा.

स्लो गेली, फास्ट राहिली

'क्वेरी-सीपीयूज' ही जुनी कमांड चालू व्हर्च्युअल प्रोसेसरला मध्येच थांबवून माहिती घ्यायची. नुसत्या विचारपुशीनं मशीन अडखळायचं. म्हणून २.१२ आवृत्तीत 'क्वेरी-सीपीयूज-फास्ट' आली, न थांबवता सांगता येईल तेवढंच सांगणारी. ६.० मध्ये जुनी काढून टाकली. आता फास्ट एकटीच धावते. स्लो लोकल बंद झालेल्या मार्गावर फास्टची पाटी मिरवल्यासारखं.

पत्रिका आणि मसावि

चालतं मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवायचं, तर दोघांची फीचर्स जुळायला हवीत. कारण आतल्या प्रोग्रॅमनं सुरुवातीला एकदाच विचारलेलं असतं आणि तो तेच धरून बसतो. तुलनेची कमांड चारच निकाल देते: सारखं, जास्त, कमी, जुळत नाही. पत्रिकेतल्या छत्तीस गुणांपेक्षा बरंच सोपं. 'बेसलाइन' कमांड तर शाळेतला मसावि: सगळ्यांत सामाईक असेल तेवढंच घ्या.

२०१४ साली इंटेलच्या हॅसवेल चिपांमधल्या टीएसएक्स या सोयीत दोष सापडला आणि मायक्रोकोडनं ती बंद करण्यात आली. एकाच हॅसवेलच्या दोन जाती झाल्या, आणि क्यूईएमयूच्या यादीत 'हॅसवेल-नोटीएसएक्स' हे नाव वाढलं.

एसएसई३ कुठाय?

फीचर्सच्या नावांचीही गंमत आहे. लिनक्सच्या सीपीयूइन्फो फाइलमध्ये एसएसई३ हे फीचर शोधायला जाल तर फसाल. तिथं त्याचं नाव 'पीएनआय' आहे, प्रेस्कॉट न्यू इन्स्ट्रक्शन्स. न्यू म्हणजे २००४चं न्यू.

बिट क्रमांक ३१

आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत का, हे ओळखायला सीपीयूआयडीच्या उत्तरात हा खास बिट राखून ठेवलाय. खरा प्रोसेसर तिथं कायम शून्य देतो. पण पाहुण्याला हे उत्तरही केव्हीएमच्या त्याच तक्त्यातून येतं, आणि क्यूईएमयूला 'हायपरवायझर बंद' एवढं सांगितलं की तिथंही शून्यच दिसतं.