बरणीतले नरक्याचे रोप

नरक्याचे झाड आपल्याकडच्या रानात फिरणाऱ्यांना माहीत आहे. आंबोलीच्या घाटात, दोडामार्गच्या डोंगरांत ते वाढते. फुलांना घाण वास येतो, म्हणून नाव नरक्या. कोणी त्यालाच अमृता म्हणतात. हे दुसरे नावही खोटे नाही.

१९६६ साली अमेरिकेत डॉ. वॉल आणि डॉ. वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे केले. (हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, बरं का!) १९७२ साली तेच द्रव्य नरक्यात सापडले. त्यापासून कर्करोगावरची औषधे बनतात.

झाले! लाकडाला भाव आला आणि चोरटी तोड सुरू झाली. झाड तोडायचे, तुकडे वाळवायचे, पोती भरून न्यायची. वनखात्याने असा माल कितीदा तरी पकडला. पण पकडलेले झाड पुन्हा उभे राहत नाही. बी धरण्याआधीच झाड गेले, तर खाली रोप कोठून येणार?

येथे ऊतिसंवर्धन कामी येते. शब्द जड आहे, काम समजण्याजोगे आहे. आपण हापूसचे कलम बांधतो. फांदी ज्या झाडाची, आंबा त्या झाडाचा. ऊतिसंवर्धनात फांदीऐवजी कोवळ्या कोंबाचा नखाएवढा तुकडा घेतात. झाड जागच्या जागी उभे राहते.

तो तुकडा जंतू मारणाऱ्या औषधाने धुतात आणि काचेच्या बरणीत ठेवतात. बरणीत माती नसते. समुद्रातल्या शेवाळापासून अगर नावाचा पदार्थ काढतात, त्याची खरवसासारखी थलथलीत वडी असते. तिच्यात साखर, क्षार आणि वाढीची द्रव्ये घालतात. एका द्रव्याने कोंब फुटतात, दुसऱ्याने मुळे. कोंब वेगळे करून पुन्हा नव्या बरण्यांत लावले की एकाचे अनेक होतात.

मोठा शत्रू म्हणजे बुरशी. लोणच्याच्या बरणीत ओला हात गेला तर काय होते, ते घरच्या बायकांना विचारा. येथे तर साखरच आहे! म्हणून बरण्या आधी कुकरसारख्या मोठ्या भांड्यात, दाबाच्या वाफेवर तापवतात.

बरणीतले रोप लाडावलेले असते. त्याला एकदम ऊन-वारा सोसत नाही. आधी सावलीत, दमट हवेत ठेवून हळूहळू सवय लावावी लागते. पुष्कळ रोपे येथेच दगावतात.

जळगावकडे केळीची रोपे अशीच मिळतात. शेतकरी ती विकत घेतात, कारण वर्षाभरात घड हाती येतो. नरक्याचे तसे नाही. झाड मोठे व्हायला वर्षे जातात. तोवर वाट पाहणारा शेतकरी विरळा, असे आम्हांला वाटते.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. रोप न करता नरक्याच्या नुसत्या पेशी त्यांनी पातळ द्रवात वाढवल्या. त्या पेशींत हे द्रव्य तयार होते, असे त्यांनी २००१ साली दाखवले. पण लाकडात असते त्या मानाने ते फारच थोडे भरते. त्यामुळे औषधासाठी अजून झाडाकडेच जावे लागते.