मागीलदारची वर्दळ

मे संपत आला आहे. सकाळचे साडेसहा वाजलेत आणि हवा इतकी दमट की रात्रभर दोरीवर असलेले कपडे अजून ओलेच लागताहेत. न्हाणीघराच्या भिंतीला टेकून वाढलेल्या तगरीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर, लालबुड्या बुलबुलाचं घरटं आहे. काड्या, बारीक मुळ्या आणि कोळ्याचं जाळं यांची ती वाटी आता तीन पिल्लांना पुरत नाही. त्यातलं थोरलं काल संध्याकाळपासून काठावर येऊन बसलंय. शेपटी अगदीच आखूड, डोक्यावरचा तुरा जेमतेम फुटलेला, बुडाखालची लाली अजून फिकी. आई-बाप आळीपाळीने चोचीत किडे घेऊन येतात, पण भरवत नाहीत. समोरच्या अनंताच्या फांदीवर बसून नुसते दाखवतात. पिल्लू पंख फडफडवतं, पुढे झुकतं आणि पुन्हा मागे सरतं.

गुहागर तालुक्यातल्या आमच्या घराला मागीलदार मोठं आहे. विहीर, माड-पोफळी, लाकडांची रास, जांभ्या दगडाचा गडगा आणि गडग्यापलीकडे पऱ्याची झाडी. या सगळ्यावर मालकी आमची, असं सातबारा म्हणतो. आज सकाळी मात्र धुणं मी पुढच्या खळ्यात नेलंय, विहिरीवरचा पंप बंद ठेवलाय आणि आमची चिमी कोठीच्या खोलीत कोंडलेली आहे.

चिमी ते साऱ्या घराला ऐकवते आहे. आधी दाराखालच्या फटीतून एक पंजा बाहेर येतो, मग दुसरा, मग घशातून निघालेला लांबलचक सूर. सासूबाई चुलीपुढून म्हणतात, “अगं, दूध तरी दे तिला. घसा सुकला असेल ओरडून.”

“दिलंय आई. मासेही दिलेत.”

“मग तिला काय हवंय?”

तिला तगर हवी आहे, हे दोघींनाही ठाऊक आहे. पोट भरलेलं मांजर शिकार करत नाही, असं मला माहेरी सांगितलं होतं. तसं नसतं. सकाळी बांगड्याचं डोकं खाऊन, तोंड पुसून, ही मुलगी तासभर एका झुडपाखाली दबा धरते. इंग्लंडमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साडेतीनशेहून अधिक पाळीव मांजरांवर लक्ष ठेवलं होतं. धान्य नसलेलं, भरपूर मांसाचं खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार एक तृतीयांशाहून थोडी जास्त कमी झाली. रोज पाच-दहा मिनिटं मालकाने खेळवलेल्या मांजरांची एक चतुर्थांशाने घटली. गळ्यातल्या घंटेचा मात्र ठळक असा उपयोग दिसला नाही. हे वाचल्यापासून आमच्याकडे संध्याकाळी सुतळीला बांधलेली कोंबडीची पिसं फिरतात आणि सासूबाई गुडघे दुखत असतानाही पाटावर बसून ती नाचवतात. चिमीच्या उड्या पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी मी ती सुतळी जन्मभर ओढायला तयार आहे.

पण पिल्लं घरट्याबाहेर पडायच्या दिवसांत सुतळी पुरत नाही. ही पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण दोन आठवड्यांच्या आत घरटं सोडतात, तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं. पुढचे काही दिवस ती झुडपाच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर काढतात. त्या दिवसांत मांजर मोकळं असेल तर आई-बापांची सगळी मेहनत एका दुपारी संपते. रानातल्या शिकाऱ्याला भूक लागते म्हणून तो मारतो, आणि त्याची पिल्लंही उपाशी राहतात कधीकधी. चिमीची भूक आम्ही भागवतो, आजारात तिला दापोलीला नेतो, पावसात तिला गोधडीत घेतो. मग तिच्या नख्यांचा हिशेबही आमच्याकडेच यायला हवा, असं मला मनापासून वाटतं. दार लावून घेणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

तगरीत एकदम गलका होतो. दोन्ही बुलबुल तुरे ताठ करून कर्कश ओरडताहेत. मी खिडकीशी जाते. गडग्यावरून एक भारद्वाज उतरलाय. काळा कुळकुळीत, तांबूस पंख, लालभडक डोळे. तो उडत नाही, चालतो. एक पाऊल, मान वाकडी, आणखी एक पाऊल.

“भारद्वाज दिसला होय गं? चांगलं झालं,” सासूबाई आतूनच हात जोडतात. सकाळी त्याचं दर्शन शुभ. मलाही तो फार आवडतो. पावसाच्या तोंडावर पऱ्यातून येणारा त्याचा घुमणारा ‘हूप-हूप’ ऐकला की मन भरून येतं. पण गोगलगायी, सरडे, उंदराची पिल्लं यांच्याबरोबर तो पाखरांची अंडी आणि पिल्लंही खातो, आणि आत्ता तो सरळ तगरीकडे निघालाय. मी दाराच्या कडीला हात घालते. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आहेत.

“हाकलू नकोस.”

“पिल्लं खाईल तो.”

“त्याचीही असतील कुठेतरी.”

कडीवरचा हात तिथेच राहतो. चिमीला अडवणं माझं काम आहे; भारद्वाजाला अडवायचा मला काय अधिकार? तरीही जीव राहत नाही, हे खरं. बुलबुलांनी मात्र कुणाची वाट पाहिलेली नाही. नर की मादी ते कळत नाही, दोघं दिसायला सारखीच. त्यातलं एक भारद्वाजाच्या पाठीवर झेपावतं, दुसरं त्याच्या तोंडासमोरून. अनंतावरचा दयाळ मध्ये पडतो. पोफळीवरून दोन साळुंक्या धावून येतात. एवढा मोठा पक्षी अंग चोरून लाकडांच्या राशीमागे शिरतो. आणि या गोंधळात काठावरचं ते थोरलं पिल्लू खाली पडतं. पडतं म्हणजे उडी मारतं, पंख मारत मारत तिरकं जातं आणि अबोलीच्या वाफ्यात जाऊन थांबतं. पाठोपाठ मधलं. धाकटं अजून आत बसून तोंड उघडतंय.

सासूबाई माझा दंड घट्ट धरून उभ्या आहेत. “गेलं बघ! गेलं बाई!”

आनंद करायला फार वेळ मिळत नाही. पुढच्या अंगणातून काळूचं भुंकणं फुटतं आणि त्याच क्षणी डोक्यावर कौलं कडकडतात. वानरं आली.

खळ्यात आंबापोळीची ताटं आणि रातांब्यांच्या साली वाळत घातल्या आहेत. मी काठी घेऊन धावते. दोन माद्या कौलांवर, एक आंब्यावर, आणि ओटीच्या पाखाडीवर हुप्प्या, त्याची शेपटी मंगळुरी कौलांवरून खाली लोंबते आहे. एक तरणं वानर माझ्या डोळ्यांदेखत ताटाजवळ उतरतं, आंबापोळीचा अर्धा थर सोलून घेतं आणि दोन उड्यांत माडावर. चार दिवसांचं ऊन, आटवलेला रस, सासूबाईंनी दुखत्या पाठीने दिलेले हात, सगळं त्याच्या मुठीत. रायवळ आंबे ती एकेक चावा घेऊन टाकतात. कौलं तर मृगाच्या तोंडावर नुकतीच परतून झाली आहेत, आणि आत्ता माजघराच्या वर दोन फुटल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा. वानर-माकडांपायी भाजीपाला लावणं सोडलेली घरं वाडीवाडीत आहेत. लांबून ‘निसर्गाशी जुळवून घ्या’ सांगणाऱ्यांनी एकदा जूनच्या पहिल्या पावसात गळक्या माजघरात रात्र काढावी. हा राग मला खरा वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

काळू साखळीला हिसके देतोय. त्याला सोडत नाही. मागे एकदा सुटला होता तेव्हा हुप्प्याने त्याचा कान फाडला. डाव्या कानाची ती खाच अजून दिसते. टाके घालून घ्यायला त्याला जीपमध्ये मांडीवर घेऊन जावं लागलं होतं आणि रेबीजची लस वेळेवर दिलेली होती म्हणून घोर तेवढा कमी होता. आता तो साखळीच्या टोकावर दोन पायांवर उभा राहून साऱ्या आळीला सांगतोय, की घर त्याच्या ताब्यात आहे.

काठी उगारून मी वर पाहते, तर कौलाच्या कडेला एक मादी बसलेली. पोटाशी काळपट, सुरकुतल्या तोंडाचं पिल्लू. अगदी तान्ही वानरं अशी काळीच असतात, राखाडी रंग मागाहून येतो. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’ लिहिलं १९८२ साली. टोळीत नवा हुप्प्या आला की अशा तान्ह्यांचं काय होतं, हे मी त्या पुस्तकातून शिकले. ती मादी माझ्याकडे बघत नाही, पाखाडीवरच्या नराकडे बघते आहे. मी काठी जमिनीवर आपटते, ताटं उचलून पडवीत आणते आणि पत्र्याचा डबा बडवते. थोड्या वेळाने कळप पऱ्याकडे निघून जातो. जाताना आणखी एक कौल.

दुपारी वारा पडलाय. चिमी ओरडून ओरडून भाताच्या बियाण्याच्या कणगीवर झोपली आहे. खोली तिला मुद्दामच ती दिली. कणगीला उंदीर लागला तर पेरणीला बी उरत नाही, आणि ती आल्यापासून कणगीखालचा भुसा थांबलाय. पावसात चिखलात उतरणाऱ्यांना इथे लेप्टोची धास्ती असते, तो आजारही उंदीर-घुशींच्या लघवीतूनच पाण्यात येतो. त्यामुळे चिमीला नावं ठेवणाऱ्या शेजारणींशी मी भांडते.

“वयनी! जनावर हाय!”

वाडीत शिंपण करणारे काका विहिरीजवळ उभे आहेत, हातात पोफळीचा दांडका. गडग्याच्या फटीतून पिवळसर तपकिरी अंग सरकत बाहेर येतंय, आणि येतच राहतंय. माणसापेक्षा लांब. निमुळतं डोकं, मोठे गोल डोळे, जबड्याच्या कडेला काळ्या उभ्या रेघा.

“धामण आहे काका. दांडका ठेवा.”

“अवो, म्हशीचं दूद पिते ती. पायाला इळखा घालून.”

“ओढून प्यायला तिला ओठ कुठे आहेत? उंदीर खाते ती. तुमच्या शेतातलेसुद्धा.”

काका दांडका खाली ठेवतात, पण सोडत नाहीत. त्यांची भीती पोरकट नाही. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं दगडाखाली, पालापाचोळ्यात, अगदी पायवाटेवर असतं; वीतभर ते हातभर लांबीचं, मातीच्याच रंगाचं, अंगाच्या वेटोळ्यांवर खवले घासून खरखर आवाज करणारं. काकांच्या भावाला कापणीत ते चावलं होतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालणारी लस वेळेत मिळाली म्हणून तो वाचला. ज्याने ते पाहिलंय त्याने लांबडं दिसताच दांडका उचलावा, यात नवल नाही. म्हणून तर कोणतं जनावर कोणतं, हे आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ओळखता यायला हवं.

धामण अबोलीच्या वाफ्याला वळसा घालते. बुलबुल पुन्हा ओरडू लागतात आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण थोरलं पिल्लू तिथेच कुठेतरी आहे. जीभ आत-बाहेर होते. डोकं वाफ्याच्या काठावर थांबतं. काका, मी, सासूबाई, तिघंही श्वास रोखून. मग लाकडांच्या राशीखाली काहीतरी खुडबुडतं आणि ती इतक्या झपाट्याने तिकडे वळते की शेपूट तेवढी दिसते. राशीखालून बारीक चिरका आवाज.

“घूस घावली,” काका म्हणतात, आणि दांडका आता भिंतीला टेकवून ठेवतात.

संध्याकाळी धाकटं पिल्लूही तगरीबाहेर आलंय. तिन्ही अबोली आणि अनंताच्या बुंध्याशी विखुरली आहेत. आई-बाप प्रत्येकाला वेगळं शोधून भरवतात. काका कौलांवर चढलेत. सासूबाई खालून एकेक शिल्लक कौल वर देताहेत आणि किती उरली ते मोठ्याने मोजताहेत.

दिवेलागणीला काळूला पडवीत घेते. पलीकडच्या वाडीतला कुत्रा गेल्या पंधरवड्यात गेला. खळ्यात बांधलेला होता, सकाळी नुसती साखळी. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. राखणीसाठी पाळलेल्या जीवाला रात्री उघड्यावर बांधणं म्हणजे बिबट्याला बोलावणंच. काळूला हे पटत नाही. पडवीत त्याला कोंडल्यासारखं होतं; तो दाराशी बसून गडग्याकडे कान लावतो आणि गुरगुरतो.

“गप रे,” सासूबाई त्याच्याशेजारी बसकण मारतात. विजेरी माझ्या हातात, मिठाच्या पाण्याची वाटी त्यांच्या हातात. पावसाआधी गोचिडी फार माजतात आणि त्यांच्यापायी त्याला गेल्या वर्षी ताप भरला होता. त्या त्याच्या मानेवरचे केस बोटांनी विंचरत एकेक गोचीड चिमट्याने मुळाशी धरून ओढतात. काळू डोळे मिटतो, हनुवटी त्यांच्या मांडीवर ठेवतो, लाळ गळते. कोठीतून चिमी पुन्हा सुरू होते.

“तिला उद्याही कोंडायची का गं?”

“उद्या, परवा, तेरवा. ती पिल्लं वर फांदीवर जाईपर्यंत.”

“बरं. मग सुतळी आण, मी आतच खेळवते तिला. आणि विजेरी नीट धर. या कानाच्या मागे अजून दोन दिसताहेत.”