अधिवृक्कांचा अतिरेक आणि औषधाचे माप

घरातल्या वयस्क कुत्र्याच्या अंगी जे फरक हळूहळू दिसू लागतात, त्यांतले बहुतेक आपण वार्धक्याच्या खाती जमा करून मोकळे होतो, आणि त्यामुळेच अधिवृक्क ग्रंथींच्या, म्हणजे डॉक्टरमंडळी ज्यांना ॲड्रिनल म्हणतात त्या मूत्रपिंडालगतच्या दोन लहानशा ग्रंथींच्या अतिस्रावाचे निदान पुष्कळदा फार उशिरा होते. पाण्याचे भांडे वरचेवर रिकामे होऊ लागते. ज्याने वर्षानुवर्षे घरात कधी घाण केली नाही, तो मुका जीव रात्री दाराशी लघवी करून ओशाळून उभा राहतो. जेवणावर आधाशासारखा तुटून पडतो. पोट सुटते, पण पाठ आणि मांड्या रोडावतात. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात आणि कातडी इतकी पातळ होते की खालच्या शिरा दिसाव्यात. ही सारी लक्षणे कॉर्टिसॉल या एकाच संप्रेरकाच्या आधिक्याची असू शकतात, आणि त्यांवर आज उपाय आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे जनावर विनाकारण क्लेश भोगते.

या विकाराला ज्यांचे नाव मिळाले ते हार्वे कुशिंग हे अमेरिकन मेंदुशल्यविशारद. त्यांनी 1912 साली आपल्या ग्रंथात अशा एका स्त्री-रुग्णाचे वर्णन केले, आणि 1932 साली या व्याधीचे मूळ मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील सूक्ष्म गाठीत असते, हा सिद्धांत सविस्तर मांडला. मनुष्यात हा रोग विरळा. कुत्र्यांत मात्र, विशेषतः पूडल, डॅशहाउंड, टेरियर, बॉक्सर या जातींत आणि मध्यमवयाच्या पुढे, तो चांगलाच परिचयाचा आहे. शंभरांतील सुमारे 80 ते 85 रुग्ण-श्वानांत दोष पीयूषिकेचा असतो: तिच्यातील गाठ एसीटीएच नावाच्या संप्रेरकाचा हुकूम अखंड सोडीत राहते आणि दोन्ही अधिवृक्क त्याची इमानाने तामील करीत फुगतात. उरलेल्यांत गाठ अधिवृक्कातच असते, आणि अशा गाठींपैकी सुमारे निम्म्या कर्करोगाच्या निघतात.

औषधांचा इतिहास मात्र एका कीटकनाशकापासून सुरू होतो, आणि तो सांगण्याजोगा आहे. डीडीटीचे एक सख्खे भावंड असलेले डीडीडी हे द्रव्य कुत्र्यांना खाऊ घातले असता त्यांच्या अधिवृक्कांचे बाह्यक झिजून जाते, असे अमेरिकेत नेल्सन आणि वुडर्ड या संशोधकांनी 1949 साली नमूद केले. विषपरीक्षेच्या दप्तरात नोंदला गेलेला हा अपाय पुढे उपाय ठरला: त्याच कुळातील मायटोटेन हे औषध 1970 साली अमेरिकेत माणसांच्या अधिवृक्क-कर्करोगासाठी मंजूर झाले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे कुत्र्यांच्या या रोगावर पशुवैद्यांची मुख्य भिस्त त्याच्यावरच होती. मायटोटेन ग्रंथीला आवरीत नाही, तिच्या पेशींचा नाशच करते. म्हणून प्रथम काही दिवस ते रोज द्यावयाचे आणि मग आठवड्याच्या हिशेबाने चालू ठेवावयाचे, अशी रीत पडली. आणि रोजची मात्रा नेमकी कोणत्या दिवशी थांबवावी, हे प्रयोगशाळेच्याही आधी मालकाच्या नजरेने ठरत असे. एका दमात ताटली चाटून पुसून घेणारे कुत्रे ज्या दिवशी जेवता जेवता मध्येच थांबून मान वर करते, त्या दिवशी औषध बंद करून वैद्याला कळवावयाचे. तो क्षण हुकला आणि गोळ्या पुढे चालू राहिल्या, तर कॉर्टिसॉलच्या आधिक्यावरून प्राणी थेट त्याच्या अभावात जाऊन पडे.

त्या मानाने ट्रायलोस्टेन सौम्य नव्हे, पण आटोक्यातले औषध आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातील खरी प्रगती हीच. कॉर्टिसॉल घडविण्याच्या साखळीतील एका विकराला ते तात्पुरते अडवते. पेशी मारीत नाही, आणि मात्रा थांबवली की बहुधा अटकावही ओसरतो. अमेरिकेत डिसेंबर 2008 मध्ये ते कुत्र्यांसाठी रीतसर मंजूर झाले. त्याची कॅप्सूल अन्नाबरोबरच द्यावी लागते, कारण रिकाम्या पोटी ते नीट शोषले जात नाही. आणि घरातील गर्भवती स्त्रीने ती हाताळू नये, ही ताकीद वेष्टनावरची औपचारिकता समजून कोणी दुर्लक्षू नये. आरंभी मोठी मात्रा दिवसातून एकदा देण्याचा प्रघात होता. पण अंमल चोवीस तास टिकत नाही असे दिसून आल्यामुळे आता अनेक पशुवैद्य लहान मात्रा दोन वेळा विभागून देतात. मूत्रपिंड किंवा यकृत दुबळे असल्यास, किंवा हृदयासाठी रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्यास, रक्तातील पोटॅशियमवर डोळा ठेवावा लागतो.

मात्रेची रुजवात घालण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे एसीटीएच-उत्तेजन चाचणी: सकाळी औषध देऊन चारेक तासांनी रक्त घ्यावयाचे, कृत्रिम एसीटीएच टोचावयाचे, आणि तासाभराने पुन्हा रक्त घ्यावयाचे. दुसऱ्या नमुन्यात कॉर्टिसॉल साधारण 1.5 ते 5.5 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर निघाले तर नियंत्रण समाधानकारक मानतात. ही चाचणी पहिल्या दहा-पंधरा दिवसांत, मग महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पुढे दर तिमाहीला करावयाची. परंतु केवळ आकड्यावर मात्रा वाढविणे मला धोक्याचे वाटते. मापाच्या भांड्याने पाणी घालून दिवसअखेर उरलेले मोजणाऱ्या मालकाची वही वैद्याने अहवालाइतक्याच आदराने वाचावी. दहा किलोचे कुत्रे दिवसाला लिटरभराहून अधिक पाणी पीत असेल तर काहीतरी बिघडले आहे, आणि उपचारानंतर तेच पाणी निम्म्यावर आले तर औषध लागू पडते आहे, एवढे त्या वहीतून स्वच्छ कळते. उलट, ज्या दिवशी ते अन्न नाकारील, ओकेल, लटपटेल किंवा निपचित पडून राहील, त्या दिवशी पुढची मात्रा न देता तातडीने दवाखाना गाठावा.

सेलेजिलिन हे आणखी एक औषध 1997 साली पीयूषिकाजन्य रोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले होते; त्याचा गुण थोड्याच रुग्णांना येतो. केटोकोनॅझोलचा वापरही आता मागे पडला आहे. पीयूषिकेची गाठच काढून टाकण्याची शस्त्रक्रिया नेदरलँड्समधील उट्रेख्ट विद्यापीठाने नावारूपाला आणली, पण तिला लागणारे कौशल्य आणि खर्च सर्वत्र उपलब्ध नाहीत.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. हुबेहूब याच लक्षणांचा एक रोग आपणच जनावराला देतो: खाजेसाठी, कानासाठी महिनोन् महिने दिलेली प्रेडनिसोलोनची गोळी, इंजेक्शने, माणसांची मलमे. या रुग्णात अधिवृक्क फुगलेले नसतात, उलट आळसून आकसलेले असतात. त्यांना ट्रायलोस्टेन देणे म्हणजे अनर्थ, आणि स्टेरॉइड एकाएकी तोडणे तितकेच घातक. ते पायरीपायरीने, वैद्याच्या देखरेखीखालीच उतरवावे लागते. म्हणून पूर्वीच्या सर्व औषधांचा तपशील पहिल्याच भेटीत वैद्यापुढे ठेवावा.

मांजरांत कुशिंगचा विकार दुर्मीळ, पण आला की कठोर. बहुसंख्य रुग्ण-मांजरांना सोबत मधुमेह असतो, इन्सुलिन वाढवूनही साखर दाद देत नाही, आणि कातडी इतकी नाजूक होते की नुसते उचलताना फाटावी. मायटोटेन येथे फारसे उपयोगी पडत नाही. ट्रायलोस्टेन चालते, मात्र ते लागू पडू लागले की इन्सुलिनची गरज घटते, आणि तेवढी मात्रा वेळीच उतरवली नाही तर साखर जीवघेणी खाली जाते. मांजरांत याहून वेगळाही एक अतिस्राव आढळतो, तो अल्डोस्टेरॉनचा. त्यात पोटॅशियम घसरून मान छातीकडे लोंबते आणि रक्तदाब चढून नेत्रपटल सुटते, मग मांजर एका रात्रीत आंधळे झाल्यासारखे भिंतींना धडकते. तेथे स्पायरोनोलॅक्टोन, पोटॅशियमचा पूरक आणि रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन ही तिन्ही एकदमच सुरू करावी लागतात. आणि सोनोग्राफीत गाठ एकाच बाजूच्या ग्रंथीत असून पसरलेली नाही असे दिसले, तर ती ग्रंथी काढून टाकल्यावर यांपैकी बहुतेक औषधे बंदही करता येतात.