गांजाचा परवाना आहे, बँक खातं नाही

कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून प्रौढांना परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेता येतो. परवाना राज्याचा, करही राज्य घेतं; बँका मात्र या दुकानदाराला सहसा उभं करत नाहीत. अमेरिकेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा निषिद्ध ठरवला, त्यामुळे त्याच्या विक्रीचे पैसे घेणाऱ्या बँकेवर काळा पैसा पांढरा केल्याचा खटला होऊ शकतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय वित्त खात्याने अशा दुकानांची खाती कशी ठेवावीत, याच्या सूचना बँकांना दिल्या. पण अशा प्रत्येक खात्याबद्दल संशयास्पद व्यवहाराचा अहवाल देत राहण्याची अट ठेवली. एवढा खटाटोप मोजक्याच बँका आणि पतसंस्था करतात.

मोठ्या कार्ड कंपन्याही दूरच राहतात. मग गल्ला नोटांचा, पगार पाकिटातून आणि कर भरायला रोकड पिशवीत. डेन्व्हरमधल्या एका दुकानाने पगारावरचा कर ऑनलाइन न भरता रोखीत भरला, म्हणून केंद्रीय कर खात्याने १० टक्के दंड लावला. खातंच नसेल तर ऑनलाइन भरणा करायचा कसा? दुकानदार न्यायालयात गेल्यावर तो दंड मागे घेतला गेला.

खरी काळजी माणसांची आहे. रोकड कुठे असते, हे चोरांना ठाऊक असतं. जून २०१६ मध्ये कोलोरॅडोतल्याच ऑरोरा शहरातल्या एका गांजाच्या दुकानावर दरोड्याचा प्रयत्न झाला, त्यात तरुण सुरक्षारक्षक मारला गेला. अशा दुकानांची खाती ठेवणाऱ्या बँकांना कारवाईपासून संरक्षण देणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने २०१९ पासून अनेकदा मंजूर केलं. प्रत्येक वेळी ते सिनेटमध्ये अडलं.