कोयनेच्या विजेचें ऋण

पेढीवर दिवा लागला व कारखान्यांत चक्र फिरूं लागलें, कीं वीज कोठून आली याची चौकशी ग्राहक करीत नाहीं. आकारणी भरली म्हणजे आपण ऋणमुक्त झालों, असें त्यास वाटतें. कोयनेपुरता तरी हा समज आम्हांस मान्य नाहीं.

महाबळेश्वरीं उगम पावलेली ही नदी हेळवाकापाशीं पूर्वेकडे वळून कऱ्हाडास कृष्णेस मिळते. पाटण तालुक्यांत सुमारें १०३ मीटर उंचीच्या धरणानें तिला अडविलें आहे. तेथील पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पश्चिमेस नेतात व पोफळीच्या भूमिगत वीजगृहांतील चक्रें फिरवून तें वासिष्ठींत सोडतात. १९६२ सालीं सुरू झालेल्या या योजनेची शक्ति सर्व टप्पे मिळून १,९६० मेगॅवॅट आहे. सायंकाळीं मागणी एकाएकीं वाढली, तर कोळशाच्या भट्टीची धग तत्काळ वाढत नाहीं. पाण्याची झडप मात्र कांहीं मिनिटांत उघडते. व्यापारउदिमास हा केवढा आधार आहे, हें सांगणें नलगे.

परंतु या आधाराखालीं गांवें बुडालीं आहेत. १९२१ सालीं मुळशीच्या मावळ्यांनीं सत्याग्रह केला व सेनापति बापटांनीं त्यांच्यासाठीं कारावास भोगला, तेव्हांच हा प्रश्न महाराष्ट्रापुढें आला होता. तथापि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ सालीं. कोयनाकांठचीं शेतें पाण्याखालीं जाऊन तोंवर एक तप लोटलें होतें! ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, १७० हून अधिक माणसें दगावलीं व धरणास तडे गेले. ते तडे बुजवून भिंत भक्कम करण्यांत आली, हें योग्यच झालें. मात्र उठविलेल्या कांहीं कुटुंबांचे जमिनीचे दावे आजहि लोंबकळत आहेत. भिंतीस जी तत्परता लाभली, ती माणसांस कां लाभूं नये?

धरण नको होतें, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें मागणें इतकेंच, कीं उरलेल्या दाव्यांची यादी प्रसिद्ध करावी, निकालाची मुदत ठरवावी व विजेच्या उत्पन्नाचा ठराविक हिस्सा त्या कामीं लावावा. हें मागणें विस्थापितांनींच करीत राहावें, हें शहरांस शोभत नाहीं. व्यापारी मंडळांनींहि तसे ठराव करून सरकारकडे धाडावे. ज्याचें भांडवल प्रथम पडलें त्याचें देणें प्रथम फेडावें, हा पेढीचा जुना रिवाज आहे. कोयनेच्या वहींतील पहिलें नांव तेथील शेतकऱ्याचें आहे.