मुंबई ते लंडन : चौदा दिवस आणि दहा तास

वस्तीतल्या एखाद्या मुलामुलीला लंडनच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला की अभिनंदनाला आलेल्या बायामाणसांत एखादी आजी हमखास विचारते, "पण बाळा, लंडन लांब किती रे?"

सरळ अंतर धरले तर मुंबईहून लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. मध्ये न थांबणारे विमान साधारण साडेनऊ-दहा तासांत पोहोचते. येताना मात्र तासभर कमी लागतो. उंच आभाळात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात; जाताना ते समोरून येतात, येताना पाठीमागून रेटतात. राजकारणानेही वाट लांबते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांना वळसा घेऊन जावे लागले.

आता बाबासाहेबांचा प्रवास पाहा. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ते ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून निघाले आणि १८ तारखेला लंडनला पोहोचले. एडन, तांबडा समुद्र, सुवेझ कालवा, भूमध्य समुद्र असा तो मार्ग. चौदा दिवस!

त्याआधी १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला ते लंडनला गेले, तेव्हा गाठीला स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज होते. इकडे परळच्या चाळीत रमाई संसार ओढत होत्या. तेव्हा पत्रही बोटीनेच जाई. घरात आज काय झाले हे तिकडे कळून त्याचे उत्तर यायला महिना उलटून जाई. तेवढ्या दिवसांत आजारी माणूस बरे होई, नाहीतर जाई. आजीच्या 'लांब किती'चे खरे उत्तर रमाईंना विचारायला हवे होते.

आज तास कमी झाले, कागद वाढले. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यात विमानभाडेही येते. म्हणून तिकीट आणि बोर्डिंग पास फेकू नका, फाईलला लावून ठेवा. सहा महिन्यांहून जास्त राहायचे तर व्हिसासाठी क्षयरोग नसल्याचा तपासणी दाखला लागतो, आणि तो ठरवून दिलेल्या दवाखान्यातूनच घ्यावा लागतो. स्वखर्चाने जाणाऱ्याला लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस ठेवून दाखवावी लागते. शेजारपाजारहून दोन दिवसांसाठी उसने आणून ते भागत नाही. शिष्यवृत्ती असेल तर मंजुरीचे पत्र हाती येण्याआधी कर्जाच्या मागे धावू नये, असे आम्हाला वाटते. विमान दहा तासांत नेते. कागद जुळवायला कित्येक महिने जातात.

मूल तिकडे पोहोचले की आईबापांची घड्याळाशी गाठ पडते. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडचे घड्याळ तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. सकाळी सातला कामावर निघताना फोन लावाल, तर हिवाळ्यात तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. रात्री दहाला लावा. तिकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात.